बिब्ब्याच्या फुल्या

सुशांत या देशात टिकणार नाही, असं मी त्याला पहिल्यांदा भेटले त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या आमच्या मराठी मंडळात संक्रांतीचा कार्यक्रम होता आणि हा एका कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. विचारलं तर म्हणाला, शेजारच्या बॉबचा कुत्रा गेला. सोळा वर्षांचा होता. म्हणून हा बॉबला भेटायला गेला, आपण मयताच्या घरी जातो तसा, न कळवता, रिकाम्या हाताने. बॉबने दार अर्धं उघडलं, थँक यू म्हणाला आणि हा आता कधी जातो याची वाट बघत उभा राहिला. दुःखातल्या माणसाकडे पाठ कशी फिरवायची, म्हणून हाही उभा. बाहेर उणे दहा. अर्धा तास दोघे दारात.

"काकू, मी त्याला काही चुकीचं बोललो असेन का?" त्याने मला विचारलं. डोळ्यांत पाणी होतं.

"बोललास काय?"

"काहीच नाही. नुसता उभा होतो."

मी हसले. तो हसला नाही, उलट मला हसावं लागलं याचंही त्याला वाईट वाटलं असावं.

मी एकाहत्तर साली इथे आले. इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं लोकांना भूल दिली, त्यातली थोडी स्वतःसाठी बाजूला काढते, असं आमचे हे म्हणायचे. हे जाऊन चार वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात वडील गेल्याची तार आली, तेव्हा सकाळी तार वाचून मी दुपारी कामावर हजर होते. कोणी शाबासकी दिली नाही आणि कोणी विचारलंही नाही. मी माणूस वाईट नाही, पण हळव्या माणसांनी माझं डोकं फिरतं. ती रडून मोकळी होतात आणि निस्तरायला दुसरे लागतात.

त्यानंतर वर्षभराने, दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी सुशांतच्या बायकोचा फोन आला. हिमानी तिचं नाव. डिसेंबरात तिला मुलगी झाली होती, अनया. बाळंतपणासाठी अकोल्याहून सुशांतची आई आली होती.

"काकू, तुम्ही प्लीज आत्ता येऊ शकता का? घरी काउंटीची बाई आलीये. बरोबर पोलीसपण आहे."

"काय केलं कोणी?"

"कोणी काही नाही केलं, काकू. तुम्ही या ना."

मी गेले. दार हिमानीने उघडलं. ताप होता तिला, चेहरा उतरलेला, खांद्यावर अनया. तिने मला आधी बेडरूममध्ये नेलं आणि भराभर सांगितलं. सकाळी बाळाला दोन महिन्यांची इंजेक्शनं द्यायची होती. हिला ताप म्हणून सुशांत एकटाच तिला क्लिनिकमध्ये घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाचे कपडे काढले आणि थांबल्या. पोटाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हे काय. सुशांत रडायला लागला. हे कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, चूक माझी आहे, जबाबदार मी आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला. पुढचं काम कायद्याने त्यांना करावंच लागतं. त्यांनी फोन केला.

हिमानीने बाळाचं झबलं वर केलं. बेंबीच्या चारी बाजूंना चार फुल्या होत्या, काळ्या, कडा लाल, त्यातली एक चिघळलेली. मला बघताक्षणी कळलं. बिब्बा. दिव्यावर बिब्बा धरायचा, सुई टोचायची, काळं तेल पाझरलं की त्याने तान्ह्या पोराच्या बेंबीभोवती फुल्या काढायच्या. पोट दुखत नाही म्हणतात, दृष्ट लागत नाही म्हणतात. ते तेल इतकं जहाल असतं की मोठ्या माणसाची कातडी उतते, आणि इथे दोन महिन्यांचं पोर. लोक अमेरिकेला येताना लोणची आणतात, या बाईंनी बिब्बे आणले होते.

"आईंनी केलं?"

"गेल्या मंगळवारी. मी झोपले होते. सुशांत लॅबमध्ये होता."

"मग त्याने तसं सांगितलं का नाही?"

"तेच तर," हिमानी म्हणाली. "तो सांगत नाहीये, आणि मलाही सांगू देत नाहीये. माझ्याकडून अनयाची शपथ घेतलीय त्याने."

बाहेरच्या खोलीत सुशांत सोफ्याच्या कडेवर बसला होता. समोर काउंटीच्या बालसंरक्षण खात्याची बाई, शॅरन नावाची, पन्नाशीची, मांडीवर फाइल. दाराशी एक तरुण पोलीस. आणि या सगळ्यांमध्ये सुशांतची आई, सुचित्राताई, हातात चहाचा ट्रे घेऊन उभ्या. त्यांना सांगितलं होतं की ही माणसं बाळाची नोंदणी करायला आली आहेत. पोलिसाने चहाला दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी कप त्याच्या हातातच दिला. तो बिचारा कप धरून उभा राहिला, पिईना आणि ठेवीनाही.

मी शॅरनला माझं नाव सांगितलं, मी डॉक्टर आहे हे सांगितलं. ती सभ्य बाई होती, हे मला मान्य केलं पाहिजे. ती शांतपणे म्हणाली, वडिलांनी जबाबदारी घेतली आहे. पुढच्या मंगळवारी ऑफिसात बैठक होईल. तोवर त्यांनी आपणहून घराबाहेर राहावं आणि बाळाला भेटू नये. ते कबूल नसेल तर मला आजच जज्जकडे जावं लागेल आणि मग बाळ कुठे राहील हे जज्ज ठरवतील.

"थांबा," मी म्हटलं, "या खुणा कसल्या आहेत ते मी तुम्हाला..."

"काकू." सुशांत मराठीत बोलला, मान खाली घालून. "काकू, पाया पडतो. एक शब्द बोलू नका. आई इथेच उभी आहे."

शॅरनने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाले ते?"

मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. मी त्याची मान बघितली, आणि म्हटलं, "माझ्या घरी राहू का, असं विचारतोय."

त्याने बॅग भरली. आईला म्हणाला, कामासाठी शिकागोला जातोय, आठवडा लागेल. त्या म्हणाल्या, कानटोपी घे. बाळाला घ्यायला त्याने हात पुढे केले, मग शॅरनकडे बघितलं आणि हात खाली घेतले. सुचित्राताईंच्या ते लक्षात आलं, हे मला दिसलं.

गाडीत बसल्याबसल्या मी तोंड सोडलं. "तुला कळतंय का तू काय केलंस? इकडे माणूस चूक माझी म्हणाला की ते त्याचा मोठेपणा मानत नाहीत, लिहून घेतात."

"पण चूक माझीच आहे, काकू."

"कशी?"

"मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा फुल्या घालून झाल्या होत्या. अनया रडून रडून झोपली होती. मला आईवर ओरडायचं होतं. पण तिने इतक्या कौतुकाने मला दाखवलं ना, की मला नाही ओरडता आलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, तेही नाही नेलं. आईला वाईट वाटेल म्हणून. मग चूक कोणाची?"

मी रागाने गाडी दामटली.

"तिला इंग्लिश येत नाही," तो पुढे म्हणाला. "व्हिजिटर व्हिसावर आहे. उद्या तिला पोलीस घेऊन गेले तर कशासाठी नेतायत हेसुद्धा तिला कळणार नाही. आणि कळलं ना, आपल्या हातून नातीला भाजलं असं जर तिला कळलं, तर ती खचेल, काकू. ती जगणार नाही. तुम्ही तिला सांगणार नाही अशी शपथ घ्या."

"मी शपथा घेत नाही," मी म्हटलं.

बुधवारी मी त्याला ओळखीच्या वकिलाकडे नेलं. वकिलाने दहा मिनिटांत निकाल लावला. खरं सांग. नाही सांगितलंस तर दोष तुझ्या नावावर लागेल, मुलांना इजा करणाऱ्यांच्या राज्याच्या यादीत तुझं नाव जाईल, पोरीला भेटायला तुला कोणाची तरी परवानगी आणि कोणीतरी समोर बसलेलं लागेल, महिने किती ते सांगता येत नाही. तुझ्या व्हिसाची मुदत संपते तेव्हा काय प्रश्न निघतील ते मला विचारू नकोस. सुशांतने सगळं ऐकून घेतलं, वकिलाचे आभार मानले, आणि त्याला ताटकळत ठेवल्याबद्दल सॉरी म्हणाला. ताटकळत आम्ही बसलो होतो, चाळीस मिनिटं.

बैठकीपर्यंत तो माझ्या घरीच होता. लॅबमध्ये जाऊन यायचा, भांडी न सांगता घासायचा, आणि संध्याकाळी सहाला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर फोन घेऊन बसायचा. हिमानी तिकडे फोन बाळाजवळ ठेवायची. हा काही बोलायचा नाही. नुसता ऐकायचा. एकदा मी वर जाताना त्याने रिसीव्हर माझ्या कानाला लावला. बारीकसा घरघर आवाज होता, सर्दी झाल्यासारखा.

"तिचं नाक चोंदलंय," तो म्हणाला. "हिमानीला सांगू का? की ती म्हणेल, हा इथे नाही आणि याला कशाला हवं सगळं?"

"सांग ना रे बाबा," मी ओरडले. "सगळ्यांना सगळं सांग. तोंड दिलंय कशाला?"

तो दचकला. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. माझ्या घरात इतक्या वर्षांत कोणी असं जिन्यावर बसलेलं नव्हतं. माझी मुलं दोघंही कॅलिफोर्नियात, दर रविवारी दहा मिनिटं फोन करतात, अगदी नेमाने. त्यांना मीच तसं वाढवलं. जिन्यावर बसलेल्या त्या पाठीकडे बघून मला वाटायचं, याला गदागदा हलवावं, आणि दुसऱ्याच क्षणी वाटायचं, माझ्यासाठी असं कोण बसेल.

शनिवारी हिमानीने दुकानाबाहेरून फोन केला. "काकू, त्या शॅरनने काल पुन्हा विचारलं. मला म्हणाली, तुला नवऱ्याची भीती वाटते का? मला हसूच आलं. सुशांतची भीती! तर तिने तेपण लिहून घेतलं, मी हसले ते. I can't do this anymore. मंगळवारी मी बोलले तर तो मला कधी माफ करणार नाही, आणि नाही बोलले तर अनया बापाशिवाय."

"तू गप्प बस," मी म्हटलं. "तुझी शपथ आहे. माझी नाही."

रविवारी दुपारी सुशांत लॅबमध्ये गेल्यावर मी त्यांच्या घरी गेले. हिमानीला म्हटलं, बाळाला घेऊन आत जा. सुचित्राताई ओट्याशी मेथी निवडत होत्या. मी समोर स्टूल ओढून बसले. तीस वर्षं मी नातेवाइकांना वाईट बातम्या दिल्या आहेत, त्यासाठी लागणारा आवाज मला येतो.

"सुशांत शिकागोला नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे आहे."

"ते मला मंगळवारीच कळलं," त्या मेथीवरून नजर न काढता म्हणाल्या. "शिकागोला जाणारा माणूस पोरीला घ्यायला हात पुढे करून मागे कशाला घेईल? काय झालंय ते सांगा, डॉक्टरीणबाई. भांडण आहे का नवराबायकोचं?"

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. फुल्या, क्लिनिक, पोलीस कशासाठी आला होता, मंगळवारी काय होणार आहे, आणि तो गप्प का आहे. त्या ऐकत होत्या आणि मेथीची पानं खुडत होत्या. चिघळलेल्या फुलीचं सांगितलं तेव्हा त्यांचे हात थांबले.

"मला वाटलं तेल बेतानं लावलं," त्या म्हणाल्या. "दिसत नाही आता पहिल्यासारखं." त्या आता कोसळतील, म्हणून मी उठून उभी राहिले होते, पाणी आणायला. त्या कोसळल्या नाहीत. त्यांनी पदराने चेहरा पुसला आणि मला विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यानं?"

"तुम्ही खचाल म्हणून."

"मी?" त्यांना खरोखरच राग आला. "याचा बाप गेला तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. मी शाळेत शिपाईण म्हणून लागले, घंटा बडवली, बाकं पुसली, याला इंजिनियर केला. तेव्हा नाही खचले. आणि आता हा मला झाकून ठेवतो? पोलिसापासून?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लहानपणापासून असाच आहे तो. कुणाचं दुखलं की याच्याच पोटात दुखतं. म्हटलं, तिकडे गेला की सुधरेल. मंगळवारी किती वाजता जायचं?"

बैठक काउंटीच्या ऑफिसात होती. लांब टेबल, खिडकीबाहेर मळका बर्फ. एका बाजूला शॅरन, तिची वरिष्ठ आणि एक नर्स. दुसऱ्या बाजूला सुशांत, त्याचा वकील, मांडीवर बाळ घेऊन हिमानी. बैठकीपुरती बाळाला बघायची त्याला मुभा होती, जवळ घ्यायची नव्हती, म्हणून तो नुसता बघत होता. मी सुचित्राताईंना घेऊन आत आले तेव्हा तो खुर्ची सरकवून उभा राहिला. माझ्याकडे त्याने ज्या नजरेने बघितलं, ती मी आयुष्यात विसरणार नाही.

फोनवर हिंदीचा दुभाषी मिळत होता, मराठीचा मिळत नव्हता. शॅरनने वरिष्ठांशी बोलून, तशी नोंद करून, मला भाषांतर करायला परवानगी दिली. एकही शब्द बदलायचा नाही, असं तिने मला बजावलं.

"हे मी केलं," सुचित्राताई म्हणाल्या. "माझ्या मुलाने नाही, सुनेने नाही. दोघं तेव्हा माझ्याजवळ नव्हते. भाजायला नाही केलं. औषध म्हणून केलं."

मी सांगितलं. वरिष्ठ बाईने विचारलं, हे तुमच्याकडे करतात याला पुरावा काय? तुम्ही मुलाला वाचवायला असं म्हणत नाही कशावरून?

मी मराठीत प्रश्न सांगितला. सुचित्राताई सुशांतकडे वळल्या. "उठ. शर्ट वर कर."

"आई, इथे नको."

"वर कर म्हणते ना."

तो चौतीस वर्षांचा पुरुष, विद्यापीठात शास्त्रज्ञ, त्याने त्या परक्या माणसांसमोर आधी स्वेटर वर केला, मग शर्ट, मग आतला गरम बनियन. बेंबीच्या चारी बाजूंना चार डाग होते. पोटाबरोबर वाढून पसरलेले, फिकट तपकिरी. नर्स उठून जवळ गेली. तिने हिमानीकडे बघून विचारलं आणि बाळाचं झबलं वर केलं. जागा त्याच होत्या. सुशांतचे कान लाल झाले होते, कपडे धरलेले हात थरथरत होते.

"याच्या आधीचा एक होता," सुचित्राताई म्हणाल्या. "दीड महिन्याचा. पोट फुगून माझ्या मांडीवर गेला. त्याला फुल्या घातल्या नव्हत्या, माझी सासू तेव्हा गावाला होती. याला घातल्या. हा जगला. मग मी माझ्या नातीला तशीच कशी ठेवू?"

शब्द बदलायचा नव्हता. डॉक्टर म्हणून मला माहीत होतं की पहिल्याला फुल्यांनी वाचवलं नसतं आणि दुसऱ्यालाही फुल्यांनी वाचवलेलं नाही. ते मी कोणाला सांगणार होते? मी वाक्य अर्ध्यात सोडलं, पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सुशांतला हे माहीत नसावं. तो शर्ट खाली करायचंही विसरून आईकडे बघत होता.

शॅरन आणि वरिष्ठ बाई बाहेर गेल्या. पंचवीस मिनिटांनी आल्या तेव्हा शॅरनच्या हातात नवा कागद होता. ती म्हणाली, वडिलांवर आमचा आक्षेप राहिलेला नाही. ते आजच घरी जाऊ शकतात. हिमानीने डोळे मिटून घेतले. शॅरन पुढे म्हणाली, आजींचा हेतू वाईट नव्हता असं आम्हीही लिहू. पण बाळ भाजलेलं आहे. त्यामुळे चौकशी बंद होईपर्यंत आजी त्या घरात राहणार नाहीत. त्यानंतरही, या देशात असेपर्यंत, त्या बाळाजवळ एकट्या राहणार नाहीत. हे पाळलं जाईल याची जबाबदारी वडिलांची. त्यांनी इथे सही करायची. पाळलं गेलं नाही तर आज जे संपलं ते पुन्हा सुरू होईल, आणि या वेळी बाळाला घराबाहेर नेण्यापासून सुरू होईल.

तिने कागद सुशांतपुढे सरकवला.

आता हा रडणार, याची मला खात्री होती. आई समोर बसलेली, तिला वाचता येत नाही असा कागद, आणि त्यावर तिच्याविरुद्ध याची सही. मी मनात म्हणत होते, बाबा रे, या एकाच वेळी घट्ट हो. पुन्हा काही स्वतःवर घेऊ नकोस.

सुशांतने कागद वाचला. दोन्ही बाजू वाचल्या. मग इंग्रजीत विचारलं, "एकट्या म्हणजे? मी शेजारच्या खोलीत असलो तर चालेल?"

"नाही," शॅरन म्हणाली. "त्याच खोलीत. तुम्हाला दिसायला हवं."

"आंघोळ घालताना?"

"घालू नये, हे बरं."

"ठीक आहे," तो म्हणाला आणि त्याने सही केली. तारीख घातली. मग आईकडे वळला आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानेच मराठीत सांगितलं. "आई, तू आजपासून काकूंकडे राहायचं. चौकशी संपेपर्यंत आपल्या घरी यायचं नाही. नंतरसुद्धा अनयाला एकटीनं घ्यायचं नाही, आंघोळ घालायची नाही. मी सही केली आहे." कुठेही न अडखळता. आवाज अगदी सरळ, एखादा पत्ता सांगावा तसा. हे सांगताना तो आईच्या पलीकडे, भिंतीकडे बघत होता.

"बरं," सुचित्राताई म्हणाल्या. "नीट वाचलंस ना?"

"हो."

हिमानीने बाळ त्याच्याकडे दिलं. त्याने अनयाला छातीशी धरलं, टोपडं नीट केलं आणि तो दाराकडे निघाला. सुचित्राताई जागेवरून उठल्या नाहीत, बाळ जवळून जाताना त्यांनी हात पदराखाली घेतले. बंदी नसतानाही.

त्यांची बॅग हिमानी नंतर आणून देणार होती. मी त्यांना गाडीत बसवलं, पट्टा लावून दिला. मला त्यांना सांगायचं होतं की सुशांतचा नाइलाज होता, पोरीसाठी केलं त्याने, राग धरू नका. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याच म्हणाल्या.

"डॉक्टरीणबाई, सही करताना त्याचा हात नाही हलला. बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं."

"आता मला काळजी नाही," त्या समोर बघत म्हणाल्या. "आता तो राहील इथे."

त्या मनापासून म्हणत होत्या. मलाही वर्षभर हेच हवं होतं, हेच मी त्याला ओरडून ओरडून सांगत होते. वडिलांची तार वाचून दुपारी कामावर गेले, तेव्हा माझाही हात हलला नव्हता. सिग्नल सुटला, मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि मला समोरचं काही दिसेना. मी गाडी कशीबशी एका गॅस स्टेशनमध्ये घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, एकतीस वर्षांत रडले नव्हते तशी. सुचित्राताईंनी काय झालं असं विचारलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझं होईपर्यंत तो तिथेच राहू दिला.